हृदयाला स्पर्श करणारा फराळ
हाँगकाँगमध्ये चांगले चहाघर कसे शोधावे?

परक्या शहरात पाऊल ठेवल्यावर प्रवाशाला पहिली चिंता निवाऱ्याची आणि दुसरी अन्नाची पडते. निवारा पैसे मोजून मिळतो. परंतु चांगले अन्न केवळ पैसे मोजल्याने मिळेलच अशी खात्री नसते. ते शोधावे लागते, आणि शोधता शोधता त्या शहरातील माणसे कशी राहतात, घरातील वडीलधाऱ्यांना कसे वागवतात, सुटीचा दिवस कोणाबरोबर घालवतात, हेही नकळत कळून येते. ज्यांची मुले-मुली नोकरीनिमित्त पूर्वेकडील देशांत गेली आहेत, किंवा ज्यांना कधी काळी तिकडे जाण्याचा योग येईल, अशा वाचकांसाठी आज आम्ही अशाच एका शोधाची हकीकत सांगणार आहोत. शहर हाँगकाँग, आणि शोधावयाचे आहे ते ‘डिम सम’ मिळणारे चांगले चहाघर.

हे शहर आपल्याला वाटते तितके परके नाही. कौलूनच्या किनाऱ्यावरून हाँगकाँग बेटाकडे जाणाऱ्या ‘स्टार फेरी’च्या हिरव्या-पांढऱ्या बोटी जगप्रसिद्ध आहेत. त्या बोटींच्या धंद्याचा पाया १८८८ साली घातला तो मुंबईहून तिकडे गेलेल्या दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थाने. त्याच बोटीत बसून आठ-दहा मिनिटांत खाडी ओलांडावी, बेटावरील सेंट्रल भागात उतरावे आणि उंच इमारतींच्या सावलीतील जुन्या चढणीच्या गल्ल्यांत शिरावे. आपला शोध तेथूनच सुरू होतो.

शब्द आणि त्याचा अर्थ

‘डिम सम’ हे शब्द कँटन प्रांताच्या बोलीतील आहेत. पहिल्याचा अर्थ स्पर्श, दुसऱ्याचा हृदय. हृदयाला किंचित स्पर्श करील एवढाच घास, पोट तडस लागेपर्यंत भरणारा नव्हे, असा त्याचा भाव. तथापि हाँगकाँगचा मनुष्य ‘चला, डिम सम खाऊ’ असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, ‘यम चा’, म्हणजे ‘चहा पिऊ’. या दोन शब्दांत सारे मर्म आहे. मुख्य वस्तू चहा. फराळ त्याच्या सोबतीला. आणि चहा हे तरी निमित्तच, खरा हेतू चार माणसांनी एका मेजाभोवती बसावे हा.

ही चाल मूळची दक्षिण चीनमधील कँटन, म्हणजे आजचे ग्वांगचौ, या शहराची. एकोणिसाव्या शतकात त्या नदीकाठच्या व्यापारी शहरात लहान-मोठी चहाघरे निघाली. हमाल, दलाल, कारागीर असे सर्व थरांतील लोक तेथे टेकत. ‘एक पेला, दोन नग’ ही म्हण तेव्हापासूनची: एक झाकणाचा पेला चहा आणि दोन लहान पदार्थ, एवढ्यावर गरीब मनुष्यही सकाळचा तासभर सुखाने घालवी. कँटनमधील लोक हाँगकाँगला आले तेव्हा ही सवयही त्यांच्या गाठोड्यातून आली.

वेळ कोणती, आणि कोणाच्या मागे जावे?

नवखा प्रवासी पहिली चूक वेळेची करतो. हा फराळ रात्रीच्या जेवणाचा नव्हे. तो सकाळचा आणि दुपारचा. कित्येक घरांतील आचारी पहाटेपूर्वीच कामाला लागतात आणि पदार्थ वाफेवरून उतरला की लगेच खाण्यात त्याची गोडी असते. म्हणून कामाच्या दिवशी सकाळी जावे. रविवारी गेल्यास रांगेत उभे राहण्याची तयारी ठेवावी. मात्र त्या दिवशी जे दृश्य दिसते ते इतर दिवशी दिसत नाही.

दुसरी चूक जागेची. रस्त्यावरून जे दिसते तेवढेच पाहून प्रवासी निर्णय करतो. हाँगकाँगमध्ये तळमजल्याचे भाडे इतके जबर आहे की कित्येक उत्तम चहाघरे वरच्या मजल्यांवर, बाजाराच्या इमारतींत किंवा सरकारी वसाहतींच्या दुकानांच्या संकुलांत असतात. खाली एक पाटी, एक अरुंद जिना किंवा पाळणा, आणि वर तीनशे माणसांचा गजबजाट. तेव्हा पाटीकडे न पाहता माणसांकडे पाहावे. सकाळी सात-आठ वाजता हातात वर्तमानपत्राची घडी घेतलेले वृद्ध गृहस्थ जिकडे सावकाश चालले असतील, तिकडे त्यांच्यामागून जावे. ज्या घरात असे वृद्ध रोज येतात तेथील चहा हलका नसतो आणि दर अवाच्या सवा नसतात. कारण रोज येणाऱ्याला फसवून कोणताही दुकानदार टिकत नाही.

आत शिरल्यावर दृष्टी फिरवून पाहावे. एका मेजाशी आजोबा, आजी, मुले, सुना, नातवंडे अशा तीन पिढ्या बसल्या आहेत काय? वाढणारी बाई एखाद्या गिऱ्हाइकाने काही न सांगताच त्याच्यापुढे त्याचा नेहमीचा चहा ठेवते काय? ही दोन लक्षणे दिसली की अर्धी परीक्षा उरकली असे समजावे. जागा नसेल तर अनोळखी लोकांच्या मेजाशी बसण्यास सांगतील. तो तेथील रिवाज आहे, त्यात अपमान मानू नये. काही जुन्या घरांत तर ज्याचे खाणे संपत आले असेल त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहावे लागते. आपल्याला हे अवघड वाटेल, पण उठणारा मनुष्य रागावत नाही; तोही कोणाच्या तरी मागे असाच उभा राहिलेला असतो.

आधी चहा, मग पदार्थ

बसताच पहिला प्रश्न येतो: कोणता चहा? या प्रश्नाला ‘कोणताही’ असे उत्तर देणारा मनुष्य नवखा ठरतो. दीर्घकाळ मुरवलेला, गडद रंगाचा पु-अर चहा तेलकट पदार्थांबरोबर पोटाला हलका वाटतो, म्हणून वयस्कर लोकांना तो विशेष प्रिय. त्यातच शेवंतीची वाळलेली फुले टाकली की कडवटपणा निवतो आणि मंद सुगंध येतो. मोगऱ्याच्या फुलांचा वास दिलेला चहा आपल्या नाकाला लगेच ओळखीचा वाटेल. यांपैकी काहीही मागावे, पण नाव घेऊन मागावे. चहाचा आकार माणशी असतो आणि भांड्यात गरम पाणी पुनःपुन्हा भरून मिळते. पाणी हवे असल्यास हाक मारावयाची नसते. किटलीचे झाकण थोडे बाजूला सरकवून ठेवावयाचे.

पहिला चहा बहुधा पीत नाहीत. त्याने वाट्या, पेले आणि खाण्याच्या काड्या मेजावरच विसळून घेतात आणि ते पाणी एका मोठ्या वाडग्यात ओततात. पुढचा चहा ओतताना आधी दुसऱ्याचा पेला भरावा, त्यातही वडीलधाऱ्याचा प्रथम, आणि आपला सर्वांच्या शेवटी. ज्याचा पेला भरला जातो तो बोलणे न थांबवता दोन बोटे मेजावर हलकेच आपटतो. हेच त्याचे आभार. या रिवाजाविषयी एक दंतकथा आहे. अठराव्या शतकातील च्येन्-लुंग नावाचा बादशहा वेष पालटून फिरत असता एका चहाघरात त्याने आपल्या हाताने सेवकांचे पेले भरले. बादशहापुढे साष्टांग दंडवत घालावा तर गुपित फुटणार. म्हणून सेवकांनी बोटे वाकवून मेजावर टेकवली आणि तोच दंडवत मानला. कथा खरी असो वा नसो, बोटांचा तो नमस्कार आजही घराघरांत चालतो.

करंडीची परीक्षा

आता पदार्थ. नावांची यादी लांब असते, परंतु परीक्षेला दोन-तीन पुरेत. पहिला ‘हार गाऊ’, म्हणजे कोळंबी भरलेली वाफवलेली करंजी. तिची कृती ऐकताच आपल्या गृहिणींना घरची आठवण होईल. चिकटपणा काढून टाकलेल्या गव्हाच्या सत्त्वावर उकळते पाणी ओतून उकड काढतात, मळतात, आणि लहानशा गोळ्याची तेल लावलेल्या रुंद सुरीच्या पात्याने दाबून पातळ पारी करतात. तीत कोळंबी ठेवून बोटांनी एकापुढे एक कळ्या पाडत ती मिटतात. जिला उकडीच्या मोदकाच्या कळ्या साधल्या आहेत, तिला या कामातील कसब दुसऱ्या कोणी समजावून देण्याची गरज नाही. कळ्या सातापेक्षा कमी नसाव्यात, दहा वा अधिक असल्यास उत्तम, असा जाणकारांचा दंडक आहे.

ही करंजी बांबूच्या करंडीत वाफवून येते तेव्हा आतील कोळंबीचा गुलाबी रंग पारीतून दिसला पाहिजे. काड्यांनी उचलताना ती फाटता कामा नये, खालच्या कागदाला चिकटता कामा नये, आणि दाताखाली कोळंबी कुरकुरीत लागली पाहिजे. पारी जाड, पिठूळ किंवा रबरासारखी असेल, तर उरलेली यादी कितीही लांब असो, त्या घराची खरी किंमत आपल्याला कळली.

दुसरी परीक्षा ‘चार सिउ बाउ’ या पावाची. त्यात भाजलेल्या डुकराच्या मांसाचे गोड-खारट सारण असते, आणि नीट फुगलेला पाव वरून फुलासारखा उमलून फाटतो. जो पाव घट्ट मिटलेला येतो, त्याच्या पिठाच्या आंबण्यात कोठे तरी उणे राहिले असे समजावे. तिसरी ‘च्यूंग फन’ची: तांदळाच्या पातळ द्रवाचा वाफेवर केलेला रेशमासारखा मऊ थर, गुंडाळलेला, वर गोडसर सोया. आपल्या घावनाचा हा वाफेवरचा भाऊच म्हणावा. मुळ्याच्या किसाची परतलेली वडी, कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात, अंड्याची पिवळीधमक टार्ट आणि, मन घट्ट करू शकेल त्याच्यासाठी, मसाल्यात शिजवलेले कोंबडीचे पाय, हे सर्व पुढच्या फेरीत मागवावे.

एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्रत्येक करंडीत तीन वा चार नग असतात. एकटा मनुष्य दोन-तीन करंड्यांतच तृप्त होतो आणि उरलेली यादी त्याला दुरूनच पाहावी लागते. चार-सहा माणसे बसली तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा प्रकारांतील एकेक घास येतो. हा फराळ वाटून खाण्यासाठीच जन्माला आला आहे. म्हणून शक्य तर एकट्याने जाऊ नये. आणि एकटेच असल्यास त्या जुन्या म्हणीप्रमाणे एक पेला व दोन नग यांत समाधान मानावे.

गाडे, कागद आणि तारे

पूर्वी वाढणाऱ्या बायका वाफाळत्या करंड्यांनी भरलेले गाडे मेजांमधून फिरवीत आणि पदार्थांची नावे मोठ्याने पुकारीत. गिऱ्हाईक झाकण उचलून पाहून हवी ती करंडी घेई, आणि बाई त्याच्या पत्रिकेवर लहान, मध्यम, मोठा अथवा विशेष यांपैकी एका रकान्यात शिक्का मारी. आज बहुतेक घरांत छापील कागदावर खुणा करून तो आत द्यावा लागतो. सेंट्रलमधील सिटी हॉलच्या इमारतीतील मॅक्सिम्स पॅलेससारख्या थोड्या घरांत गाडे टिकून आहेत, आणि प्रवासी ते मुद्दाम पाहावयास जातात. तथापि गाडा म्हणजे चांगले घर आणि कागद म्हणजे वाईट, असा हिशेब करू नये. गाड्यावर फार वेळ फिरलेली करंजी कोरडी पडते. कागदावर मागितलेली त्याच क्षणी वाफेवर चढते. गाड्यात मौज अधिक, कागदात ताजेपणा अधिक.

तीच गोष्ट पुस्तकांतील ताऱ्यांची. मिशलिन या फ्रेंच प्रकाशनाने हाँगकाँग-मकावची पहिली मार्गदर्शिका २००८ च्या अखेरीस काढली. माक क्वाई-पुई हे तेथील एका बड्या हॉटेलातील डिम सम आचारी. त्यांनी ते काम सोडून २००९ साली मोंगकोक या दाट वस्तीच्या भागात एका भागीदारासह ‘टिम हो वान’ नावाचे वीसेक आसनांचे दुकान काढले आणि त्याला लगेच एक तारा मिळाला. स्वस्त दरात ताऱ्याचे अन्न मिळते म्हटल्यावर लोक तासन्‌तास रस्त्यावर उभे राहू लागले. पुढे त्या नावाच्या शाखा देशोदेशी निघाल्या. मूळच्या त्या चिमुकल्या जागेत मात्र आज ते दुकान नाही. तारा मार्ग दाखवतो हे खरे, पण तो गेल्या वर्षीच्या अन्नाचा असतो. आजच्या अन्नाचा साक्षीदार शेजारच्या मेजावरचा म्हाताराच.

जुनी घरे आणि रिकाम्या खुर्च्या

असा हा शोध गमतीचा वाटतो. परंतु त्याच्या तळाशी एक चिंतेची गोष्ट आहे. सेंट्रलमधील स्टॅनले स्ट्रीटवर ‘लुक यू’ हे चहाघर आहे. चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या प्राचीन पंडिताचे नाव धारण करणारे हे घर १९३३ साली स्थापन झाले आणि १९७६ पासून सध्याच्या जागी आहे. लाकडी कप्पे, छताचे पंखे, पांढऱ्या कोटातील वयस्कर वाढपी असा त्याचा थाट अद्याप टिकला आहे. जवळच्याच वेलिंग्टन स्ट्रीटवरील ‘लिन हेउंग’चे भाग्य इतके सरळ नव्हते. कँटनमध्ये १८८९ साली निघालेल्या घराशी नाते सांगणारे हे चहाघर २०२२ च्या ऑगस्टमध्ये बंद पडले. नेहमीची वृद्ध मंडळी शेवटचा पेला पिण्यास आली आणि हळहळत परतली. २०२४ साली ते पुन्हा उघडले, तेव्हा दारात पुन्हा रांग लागली. परंतु बंद झालेले प्रत्येक घर असे पुन्हा उघडत नाही.

कारणे अनेक आहेत. भाडे जबर. पहाटेपूर्वी उठून वर्षानुवर्षे कळ्या पाडण्यास शिकण्याची तरुणांना हौस नाही. कारखान्यात तयार होऊन गोठवलेल्या करंज्या पोत्यांनी मिळतात, आणि त्या नुसत्या वाफवून वाढल्या तरी पुष्कळ गिऱ्हाइकांना फरक कळत नाही. २०२३ च्या आरंभी सीमा पुन्हा खुल्या झाल्यापासून हाँगकाँगची कित्येक कुटुंबे सुटीच्या दिवशी स्वस्ताईसाठी शेजारच्या शेंझेनला खावयास जातात.

त्याआधी साथीची वर्षे येऊन गेली. २९ जुलै २०२० रोजी उपाहारगृहांत बसून खाण्यास दिवसभराची बंदी झाली. मजूर आणि कारकून अन्नाचे डबे घेऊन भर उन्हात पदपथाच्या कडेला, जिन्याच्या पायऱ्यांवर बसले. ते दृश्य पाहून लोक इतके व्यथित झाले की दोनच दिवसांत दिवसाची बंदी उठवावी लागली. पुढेही कधी एका मेजाशी दोघांनीच बसावे असा नियम झाला. ज्या फराळाचा जन्मच वाटून खाण्यासाठी झाला, त्याच्या मेजाशी फक्त दोन माणसे! नियमामागे प्राणरक्षणाचा हेतू होता, यात शंका नाही. परंतु कित्येक आजी-आजोबांच्या दृष्टीने आठवड्यातून एकदा नातवंडांना पाहण्याचे ठिकाण त्या काळात नाहीसे झाले.

साथ गेली, मेजे पुन्हा मांडली गेली. पण सर्व खुर्च्या भरल्या नाहीत. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२१ पासून हाँगकाँगच्या विशिष्ट रहिवाशांना तेथे स्थायिक होण्याची वाट खुली केली, आणि त्या वाटेने दीड लाखांहून अधिक माणसे गेली. त्यांत लहान मुले असलेली तरुण कुटुंबे पुष्कळ. वृद्ध आईबाप बहुधा मागे राहिले. रविवारी पूर्वी ज्या गोल मेजाशी दहा जण बसत, तेथे आता चौघे बसतात, आणि किटलीतील चहा ओतण्यासाठी सर्वांत धाकटा म्हणून पन्नाशीचा मुलगा उठतो.

आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुले आखातात, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात आहेत, त्यांना या मेजाचे वर्णन अधिक करून सांगावयास नको.

शोधाचा शेवट

तर मग चांगले घर कोणते? ज्याची पारी पातळ, ज्याचा चहा ताजा, ज्याचे दर वाजवी, ही सर्व लक्षणे खरीच. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एकच लक्षण आहे: ज्या घरी त्या वस्तीतील लोक आपल्या म्हाताऱ्या आईबापांना घेऊन येतात, ते घर चांगले. आईला दात नाहीत म्हणून च्यूंग फन मऊ हवा, बापाला पु-अर कडक हवा, हे जेथे वाढपी जाणतो, तेथे आचाऱ्याला हात राखून चालतच नाही. गिऱ्हाईक एकदाचे असले की पदार्थ दिखाऊ होतो. गिऱ्हाईक जन्माचे असले की तो खरा होतो.

आणि प्रवाशाचेही एक कर्तव्य आहे. त्याने दूर देशी जाऊन हाताने केलेली करंजी मागावी, दोन पैसे अधिक द्यावे, घाई करू नये, आणि उभ्या असलेल्या माणसासाठी वेळेवर खुर्ची सोडावी. मागणारा असला तरच कळ्या पाडणारा राहतो. मोदकाच्या बाबतीत जे खरे, ते हार गाऊच्या बाबतीतही खरे.

वाचकहो, आपल्यापैकी फार थोड्यांना हाँगकाँगला जाण्याचा योग येईल. पण आठवड्यातून एक सकाळ राखून ठेवावी, घरातील वडीलधाऱ्यांचा पेला प्रथम भरावा, आणि जो उपस्थित नाही त्याची आठवण काढत सावकाश चहा प्यावा, यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. आणि कोणी आपला पेला भरला, तर दोन बोटे मेजावर हलकेच टेकवावी. आभार मानण्याची ती रीत आपल्या घरातही शोभून दिसेल.